विषाची परीक्षा : दंशातून वेदनाशामकांचा शोध

चऱ्होलीच्या शिवारात घोणस चावलेला माणूस आणि मण्यार चावलेला माणूस यांतील फरक जुन्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. घोणस चावली की जखमेत आग पेटते, पाय सुजत जातो आणि असह्य कळा सुरू होतात. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणातच चावते आणि पुष्कळदा मुंगी चावावी इतकीही जाणीव होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आवंढा गिळवत नाही आणि मग श्वास अडखळतो. दोन्ही साप एकाच बांधावरचे, दोघांचेही विष जीवघेणे. दंशाची वेदना मात्र एकाच्याच वाट्याला.

१९९७ मध्ये चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर इंद्रायणीकाठच्या शेतांशेजारी बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. साप कुठे गेले नाहीत. वाहनतळात किंवा तळमजल्यावरील जिन्याखाली साप निघाला म्हणून सर्पमित्राला दूरध्वनी करणे हा या भागातील पावसाळ्याचा नेहमीचा भाग झाला आहे. या सापांच्या विषाविषयी आपल्याला भीती असते आणि ती योग्यच आहे. परंतु घोणस आणि मण्यार यांच्या दंशातील हा फरक वैद्यकशास्त्रालाही महत्त्वाचा वाटतो. विष म्हणजे केवळ वेदना नव्हे. विषातील प्रत्येक घटक शरीरातील ठरावीक जागीच जाऊन बसतो. ती जागा वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूवर असेल आणि विषाचा घटक तिला चेतविण्याऐवजी बंद करीत असेल, तर त्याच विषातून वेदनाशामक मिळू शकते.

चेतापेशीची दारे

चेतापेशीच्या पातळ पटलात अतिसूक्ष्म दारे असतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण त्यांतून आत-बाहेर करतात आणि त्यातून निर्माण होणारी विजेची लहर म्हणजेच आपली संवेदना. बोटाला चटका बसला की ही दारे क्षणार्धात एकामागून एक उघडतात, लहर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथून मेंदूला खबर मिळते. दारे अनेक प्रकारची आहेत. काही हृदयात, काही स्नायूंत, काही केवळ वेदनेच्या तंतूंत. दात काढताना डॉक्टर टोचतात ते भुलीचे औषध सोडियमची बहुतेक दारे सरसकट बंद करते. म्हणूनच ते जबड्यापुरते टोचावे लागते. सर्व शरीरात पसरले तर हृदयही थांबेल. वेदनेची दारे तेवढी निवडून बंद करणारा पदार्थ मिळावा, हे औषधशास्त्राचे जुने स्वप्न आहे.

प्राण्यांची विषे येथे उपयोगी पडतात. पळणाऱ्या सावजाला एका दंशात लुळे करायचे तर विषाला नेमके दार अचूक ओळखता आले पाहिजे. कोट्यवधी वर्षांच्या शिकारीत हे रेणू घासूनपुसून तयार झाले आहेत. मण्यारीच्या कुळातील एका सापाचे उदाहरण घेऊ. तैवानमधील मण्यारीच्या विषातून ली आणि चँग या संशोधकांनी १९६३ मध्ये बुंगॅरोटॉक्सिन हे घटक वेगळे केले. त्यांपैकी एक घटक चेतातंतूकडून स्नायूला मिळणारा निरोप जेथे स्वीकारला जातो, त्या ग्राहकावर इतका घट्ट बसतो की पुढे त्याच्याच आधाराने तो ग्राहक पेशींतून वेगळा काढता आला. मण्यार चावलेल्याचा श्वास का थांबतो, याचे उत्तर येथेच आहे. तिचे विष स्नायूंचे निरोप तोडते आणि दंशाच्या जागी फारशी हानी करीत नाही. तिचे दातही लहान असतात, म्हणून टोचल्याचे कळत नाही. दंश दुखत नाही म्हणून तिचे विष वेदनाशामक ठरत नाही, हेही येथेच नोंदविलेले बरे.

पिंपरीचे घोडे आणि ब्राझीलचा साप

एका जिवाचे विष दुसऱ्या जिवाचे औषध, ही कल्पना पिंपरी-चिंचवडला परकी नाही. या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवातच १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यापासून होते, आणि तेथे बनलेले पेनिसिलिन म्हणजे बुरशीने जिवाणूंवर सोडलेले विषच. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेच्या परंपरेतून आलेल्या हाफकिन महामंडळाचे प्रतिविषाचे केंद्रही पिंपरीतच उभे राहिले. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत टोचायचे. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने तयार झाली की ती वेगळी करून कुपीत भरायची, अशी ही पद्धत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे हे प्रतिविष देशभरातील रुग्णालयांत वापरले जाते.

प्रतिविष विषाला थोपविते. विषाचा रेणूच औषधाचा नमुना म्हणून वापरण्याचा पहिला मोठा विजय मात्र ब्राझीलमध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवात वेदनेशी निगडित होती. १९४९ मध्ये मॉरिसिओ रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हराराका या सापाचे विष कुत्र्याच्या रक्तात मिसळले, तेव्हा रक्तात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार झाल्याचे आढळले. हा पदार्थ आपल्या शरीरातही जखमेच्या जागी तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि तीव्र वेदना निर्माण करतो. पुढे सर्जिओ फेरेरा या ब्राझिली शास्त्रज्ञाने याच विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढविणारे घटक शोधले आणि ते घेऊन तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. ॲस्पिरिन वेदना कशी थांबवते हे १९७१ मध्ये उलगडून दाखविणारे, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, ते हेच व्हेन. विषातील त्या घटकाच्या रचनेवरून अमेरिकेतील ओंडेटी आणि कुशमन यांनी कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरील औषध घडविले. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्यापैकी ज्यांच्या घरात रामिप्रिल वा एनालाप्रिलची पट्टी असते, त्यांच्या गोळीच्या कुळाचा मूळपुरुष हा साप आहे. गोळीत विष नाही, साप नाही. रेणूची आकृती तेवढी विषावरून घेतलेली आहे.

वेदनेवर थेट विषच देण्याचे प्रयोगही झाले. डेव्हिड मॅक्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये नागाच्या विषाच्या अत्यल्प मात्रा कर्करोगाच्या रुग्णांना देऊन वेदना कमी होत असल्याचे नोंदविले. तशी इंजेक्शने काही काळ विकलीही गेली. आपल्याकडे तर रसशास्त्रातील सूचिकाभरण रसात सर्पविष सांगितलेले आहे. पण संपूर्ण विष म्हणजे अनेक घटकांचे मिश्रण. त्यातला कोणता घटक काय करतो हे कळल्याशिवाय मात्रा ठरविता येत नाही. मॅक्ट यांच्या काळात ते वेगळे करण्याची साधने फारशी नव्हती.

शंखातील शिकारी

ती साधने आल्यानंतरची सर्वांत यशस्वी कथा समुद्रातील एका गोगलगायीची आहे. शंकूच्या आकाराच्या सुंदर कवचामुळे संग्राहकांना प्रिय असलेल्या या गोगलगायींच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्या सोंडेतून भाल्यासारखा पोकळ दात सावजावर फेकतात. काही जाती मासे खातात, आणि गोगलगाय माशाला पकडते हे ऐकून हसू येत असले तरी मासा काही क्षणांतच ताठ होतो. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसेही मरण पावली आहेत.

बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपिन्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतील शिक्षणानंतर ते मायदेशी परतले, तेव्हा तेथील प्रयोगशाळेत आधुनिक उपकरणे नव्हती. कमी साधनांत काय करता येईल, असा विचार करताना त्यांना लहानपणी गोळा केलेले शंख आठवले. पुढे ते अमेरिकेच्या युटा विद्यापीठात गेले आणि तेथे खरी प्रगती झाली ती पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या हातून. क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगवेगळे करून थेट उंदरांच्या मेंदूत टोचून पाहण्याची कल्पना मांडली. एका घटकाने उंदीर झोपला, दुसऱ्याने तो अंग खाजवू लागला, आणखी एकाने थरथरू लागला. एकाच विषात इतकी वेगवेगळी शस्त्रे असतील, अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती. नुकत्याच शालेय शिक्षणातून बाहेर पडलेल्या मायकेल मॅकिन्टॉश या दुसऱ्या विद्यार्थ्याने कोनस मॅगस या जातीच्या विषातून २५ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली.

ही साखळी मज्जारज्जूतील एका विशिष्ट कॅल्शियमच्या दारावर बसते. वेदनेचा तंतू शरीरातून आलेली खबर मज्जारज्जूतील पुढच्या पेशीला याच दाराच्या मदतीने देतो. दार बंद झाले की खबर तेथेच थांबते. मॉर्फिनही काही अंशी याच दारावर परिणाम करते, पण आडवाटेने आणि इतर अनेक ठिकाणी ढवळाढवळ करीत. म्हणून त्याची सवय लागते, मात्रा वाढवावी लागते आणि जास्त झाल्यास श्वास मंदावतो. गोगलगायीच्या रेणूत हे तिन्ही दोष आढळले नाहीत. झिकोनोटाइड या नावाने तो कारखान्यात जोडला जाऊ लागला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्करोग व एड्सच्या १११ रुग्णांना तो अथवा निष्क्रिय द्रव देण्यात आला. औषध मिळालेल्यांची वेदना सरासरी ५३ टक्क्यांनी, तर इतरांची १८ टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने प्रायाल्ट या नावाने या औषधाला मान्यता दिली.

येथपर्यंतची कथा सुरस आहे. अडचण पुढे आहे. हा रेणू म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. गोळी म्हणून घेतला तर पोटात पचून जातो, शिरेतून दिला तर मज्जारज्जूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पोटाच्या त्वचेखाली लहान पंप बसवून नळीने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात तो सोडावा लागतो. त्यातही उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतील अंतर थोडे आहे. चक्कर, गोंधळ, भास असे परिणाम संभवतात आणि गंभीर मानसिक दुष्परिणामांचा इशारा औषधासोबतच छापलेला असतो. त्यामुळे हे औषध इतर सर्व उपाय थकलेल्या मोजक्या रुग्णांपुरतेच राहिले.

भारतीय किनाऱ्यावरील गोगलगायींकडेही आपल्या शास्त्रज्ञांचे लक्ष गेले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. के. एस. कृष्णन आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. पी. बलराम यांच्या गटांनी त्यांच्या विषांतील रेणूंचा एकत्र अभ्यास केला. कोनस अमाडिस या जातीतील सोडियमच्या दारावर परिणाम करणाऱ्या एका रेणूवरील त्यांचे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून औषध निघाले नाही. पण अशा कामाकडे निव्वळ औषध निघाले की नाही या हिशेबाने पाहणे चूक ठरेल. का, ते पुढील उदाहरणावरून कळेल.

केंड माशाने दाखविलेले दार

जाळी कुरतडतो म्हणून कोकणातील मच्छीमार ज्याच्यावर वैतागतात, तो केंड मासा आपल्या परिचयाचा आहे. संकटात तो फुग्यासारखा फुगतो. त्याच्या कुळातील अनेक माशांच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे भयंकर विष असते. ते सोडियमची दारे बंद करते. खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या येतात, पुढे अंग लुळे पडते. शास्त्रज्ञांनी या विषाचा उपयोग चाळणीसारखा केला. वेदनेच्या तंतूंवर ते टाकले, तेव्हा सोडियमची काही दारे त्यालाही दाद देत नाहीत, असे दिसले. ही दारे कोणती, याचा शोध घेत लंडनमधील जॉन वुड यांच्या गटाने १९९६ मध्ये त्यांपैकी एकाची जनुकीय ओळख पटविली. आज ते एनएव्ही १.८ या नावाने ओळखले जाते आणि मुख्यतः वेदना वाहणाऱ्या चेतापेशींतच आढळते. हवे असलेले दार सापडले ते विषाने बंद केले म्हणून नव्हे, विषाला ते बंद करता आले नाही म्हणून.

दशकभराने पाकिस्तानच्या उत्तर भागातून आणखी एका दाराची खबर आली. तेथील काही कुटुंबांत जन्मापासून वेदनाच न जाणवणारी मुले होती. त्यांतील एक मुलगा रस्त्यावर हातात सुरी खुपसून आणि निखाऱ्यांवर चालून दाखवीत असे. चौदा वर्षांचा होण्यापूर्वीच तो मरण पावला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या मुलांमध्ये एनएव्ही १.७ हे सोडियमचे दार निकामी होते. हेच दार अडविणारे रेणू मोठ्या कोळ्यांच्या विषात आहेत, म्हणून औषध कंपन्यांनी त्यांच्यामागे मोठी शक्ती लावली. यश अजून हाती लागलेले नाही.

एनएव्ही १.८ चे मात्र तसे झाले नाही. अमेरिकेच्या वाळवंटात विंचू खाणारा एक उंदीर आहे. विंचू त्याच्या तोंडावर नांगी मारतो, उंदीर क्षणभर पंजा चाटतो आणि विंचू खाऊन टाकतो. ॲशली रो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचे कारण शोधून काढले. इतर प्राण्यांत तीव्र वेदना निर्माण करणारे ते विष या उंदरात नेमके एनएव्ही १.८ ला जाऊन चिकटते आणि वेदनेची लहरच बंद करते. त्याच्या बाबतीत विंचवाचे विष हेच वेदनाशामक! हे दार बंद केले तर जिवाला धोका न होता वेदना थांबते, याचा निसर्गातील हा ढळढळीत पुरावा होता. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने सुझेट्रिजिन या गोळीला मान्यता दिली. ती याच दारावर काम करते. तिचा रेणू कोणत्याही विषातून आलेला नाही, तो संपूर्णतः प्रयोगशाळेत घडविलेला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेत ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. अफूवर्गीय औषध मिसळलेल्या प्रचलित गोळीपेक्षा सरस ठरली नाही. अमेरिकेत एका गोळीची जाहीर किंमत १५.५० डॉलर ठेवण्यात आली. तरीही मेंदूपर्यंत न जाता, व्यसनाचा धोका न आणता वेदना तिच्या उगमापाशी अडविणारे नव्या प्रकारचे औषध म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

मधल्या काळात थकलेले स्पर्धकही पुष्कळ. इक्वेडोरमधील एका चिमुकल्या बेडकाच्या त्वचेतून जॉन डेली यांनी शोधलेले एपिबॅटिडीन मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट प्रभावी होते, पण विषारी. त्यावरून घडविलेले औषधही दुष्परिणामांमुळे सोडून द्यावे लागले. आफ्रिकेतील ब्लॅक मांबा या जहाल सापाच्या विषात फ्रेंच संशोधकांना २०१२ मध्ये उंदरांत मॉर्फिनइतके प्रभावी आणि श्वास न मंदावणारे रेणू सापडले. त्यांचे औषध अद्याप झालेले नाही.

महाडचा लाल विंचू

महाराष्ट्रातील विषाची सर्वांत महत्त्वाची कथा कोकणातील लाल विंचवाची आहे आणि तिचे नायक महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात सरकारी सेवेत असताना त्यांनी विंचूदंशाने मरणारी मुले पाहिली. या विंचवाच्या विषाने शरीरातील चेतासंस्था अशी काही खवळते की रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरते. रुग्णाशेजारी बसून, तासातासाच्या नोंदी ठेवून त्यांनी हा क्रम उलगडला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे, स्वस्त औषध त्यावर वापरले. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आयबेरिओटॉक्सिन हा रेणू वेगळा केला. पोटॅशियमचे एक विशिष्ट दार तो अचूक बंद करतो. चेतापेशी आणि रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत तो आज नित्याचे साधन आहे. कोकणातील कातळाखालच्या विंचवाचे नाव असे शोधनिबंधांत पोहोचले. पण ज्या गावांत तो डंख मारतो तेथे गरज आहे ती प्राझोसिनची गोळी, विंचवाचे प्रतिविष आणि वेळेवर पोहोचणाऱ्या वाहनाची.

वेदनेवरील औषधांचेही तसेच आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला मॉर्फिनची साधी गोळी मिळणे आपल्याकडे वर्षानुवर्षे कठीण होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालये ते ठेवण्यासच कचरत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट थोडी मोकळी झाली. सर्पदंशाचे आकडे तर अधिक बोलके आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे; म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांत मण्यारीचे बळी पुष्कळदा उशिरा रुग्णालयात येतात, कारण दुखत नाही म्हणून घरचे सकाळची वाट पाहतात. जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला रात्री-पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्यांचा जडपणा जाणवला, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

विषाचा काळाबाजार

विषापासून औषधे बनतात ही अर्धवट माहिती समाजात पसरली, तिचे एक फळ चाकण परिसराने पाहिले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चाकणजवळील खराबवाडी येथील एका सदनिकेतून पोलिसांनी सत्तरहून अधिक घोणस आणि नाग ताब्यात घेतले. विष काढण्यासाठी ते तेथे पेट्यांत आणि कापडी पिशव्यांत कोंडलेले होते. आजूबाजूला कामगारांची कुटुंबे राहत असताना! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय साप बाळगणे आणि विष काढणे हा गुन्हा आहे. प्रतिविषासाठी लागणारे विष बव्हंशी तमिळनाडूतील इरुला सर्पग्राहकांच्या सहकारी संस्थेकडून घेतले जाते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सभासद परवान्याने साप पकडतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात.

वेदनाशामकांसाठी तर सापांची कोठारे लागतच नाहीत. रेणूची रचना एकदा कळली की संशोधकाला विषाचा थेंबही पुरतो, पुढचे काम रसायनशाळेत होते. झिकोनोटाइडच्या कुपीसाठी एकही गोगलगाय समुद्रातून काढली जात नाही. कॅप्टोप्रिलसाठी साप लागत नाही. सांधेदुखीवर म्हणून जत्रेत विकल्या जाणाऱ्या सापाच्या तेलात तर विष नसतेच, असते ती चरबी.